बक्षिसाच्या पैशाचे बूट

चूक माझीच होती, आणि ती मी सगळ्यांसमोर, टाळ्या वाजत असताना केली. शेलार गावच्या मैदानावर आमच्या शाळेच्या मुलींनी कबड्डीची फायनल जिंकली होती. पाहुण्यांनी चषक आणि रोख बक्षिसाचं पाकीट कर्णधार दर्शनाच्या हातात दिलं. ती स्टेजवरून उतरली तशी मी हात पुढे केला.

"आण इकडे. हरवशील."

तिने पाकीट दिलं. चषक मात्र सोडला नाही.

मी राहनाळ गावाजवळच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. पोरं मला पीटीचे सर म्हणतात. मुलींपैकी बऱ्याच जणींच्या आया गोडाऊनमध्ये पॅकिंगला जातात. कोणाचे वडील कापडाच्या लूमवर, कोणाचे रिक्षावर. त्यामुळे पैसा वाया जाता कामा नये, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं, असं मी धरून चाललो होतो.

परतताना टेम्पोत मुलींची कुजबुज चालली होती. शेवटी दर्शना म्हणाली, "सर, आम्ही ठरवलंय. बॅन्जो सांगायचा. आजच."

आमच्याकडे हळदीला, गणपतीला बॅन्जो लागतोच. टेम्पोवर कीबोर्ड, ड्रम आणि कर्णे, मागे नाचणारी माणसं. मुलांचा संघ जिंकला होता तेव्हा गावाने वर्गणी काढून बॅन्जो आणला होता. गुलालाने रस्ता लाल झाला होता.

"वेड लागलं काय? तासाभराच्या धिंगाण्यात सगळे पैसे घालवणार?"

"आमचेच हायत ना, सर?" मागून सुगंधा बोलली. ही पाड्यावरून चालत येणारी मुलगी. बोलणं कमी, पण चढाईला तिच्यासारखी दुसरी नाही.

"तुमचेच आहेत. म्हणून तर सांभाळतोय," मी म्हणालो. उत्तर बरं जमलं, असंही मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी धामणकर नाक्याच्या बाजारात जाऊन मी त्या पैशांचे बूट आणले. कारण होतं. आम्ही मातीवर अनवाणी खेळतो, पण जिल्ह्याचे सामने मॅटवर असतात, आणि मॅटवर बूट नसतील तर पाय सटकतो. दुकानदाराशी घासाघीस केली. "सर, बच्चियों के लिए है इसलिए दे रहा हूँ," असं म्हणत त्याने भाव कमी केला. मी खुशीत परत आलो.

मुलींनी बूट घेतले. "थँक यू सर" म्हणाल्या. घातले कोणीच नाहीत.

त्यानंतर प्रॅक्टिसमध्ये एक विचित्र गोष्ट सुरू झाली. ती समजायला थोडा खेळ सांगावा लागेल. चढाई करणारी खेळाडू समोरच्या अंगणात जाते, कोणाला तरी शिवून परत येते, मग गुण. कोणाला न शिवता नुसती त्या अंगणातली निदान रेषा ओलांडून परतली, तर ती रिकामी चढाई. नियमात बसते, पण हाती काही लागत नाही. अशा दोन चढाया लागोपाठ रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर खेळाडू बाद. तिला 'डू ऑर डाय' म्हणतात.

मुली रोज वेळेवर यायच्या. "कबड्डी कबड्डी" करत जायच्या, रेषा ओलांडायच्या, परत यायच्या. सगळ्या रिकाम्या. डू ऑर डायला सुगंधा जायची, हात मागे बांधून तीस सेकंद उभी राहायची आणि बाद होऊन शांतपणे बाहेर बसायची.

"अगं, शिव ना! समोर उभी आहे ती!"

"जाते ना सर मी. नियमानेच जाते."

मी ओरडलो. मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. त्यांनी फेऱ्याही मारल्या. जिल्ह्याचे सामने तोंडावर आले होते आणि इतक्या वर्षांत जमलेला सगळ्यात चांगला संघ माझ्या डोळ्यांदेखत विरघळत होता.

शेवटी मुख्याध्यापिका मॅडमकडे तक्रार घेऊन गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बूट घेण्याआधी मुलींना विचारलंत?"

"मॅडम, त्या बॅन्जो आणणार होत्या."

"मुलांच्या वेळी बॅन्जो होता ना? तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

मी टेबलावरचा पेपरवेट फिरवू लागलो.

"सर, मी विचारतेय."

"पुढे नाचत होतो."

मॅडम हसल्या नाहीत. "बुटांसाठी शाळेचा क्रीडानिधी आहे. त्यासाठी अर्ज केलात?"

"वेळ लागला असता."

"आणि मुलींचे पैसे हातात होते."

अर्ज मी तिथेच बसून लिहिला. मॅडमनी लगेच मंजुरी दिली आणि बुटांची रक्कम मला परत मिळाली. त्या दिवशी त्यांनी मला कमी बोलून सोडलं, याबद्दल मी त्यांचा कायम आभारी आहे. जास्त बोलल्या असत्या तर मी बाजू मांडत बसलो असतो.

पाकीट दर्शनाला दिलं. माफी मागायची ठरवून गेलो होतो, पण तोंडातून आलं ते असं: "चला, झालं गेलं विसरू या."

"तुमचं झालं सर," सुगंधा म्हणाली. "आमचं न्हाय."

"आता आणा की बॅन्जो. मी अडवणार नाही."

"आता कशाला?" दर्शना म्हणाली. "जिंकल्याच्या दिवशी नाचायचं असतं. तो दिवस गेला."

पैसे परत करता येतात, हे मला माहीत होतं. तो दिवस परत करता येत नाही, हे मला तिथे उभं राहून कळलं.

"मग पैशांचं काय करणार?"

"विचारा ना सर. सांगणार नाय."

सगळ्या फिदीफिदी हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या होत्या. त्याच संध्याकाळी सुगंधाने पहिल्याच चढाईत दोघींना बाद केलं.

जिल्ह्याला आम्ही पहिला सामना जिंकला. दुसरा हरलो, तोही दोन गुणांनी. परतताना मी टेम्पोत सांत्वनाची वाक्यं जुळवत होतो. मुली मात्र सारख्या फोनवर कोणाला तरी विचारत होत्या, "पोचले काय? थांबा हां, आलोच."

गावाच्या तोंडाशी बॅन्जो उभा होता.

जिंकोत की हरोत, त्या दिवसाची सुपारी त्यांनी आधीच देऊन ठेवली होती. कोणी थांबवायच्या आत वाजवायला सुरुवात झाली. गोडाऊनमधून सुटलेल्या बायका डबे हातात घेऊन थांबल्या. एका म्हाताऱ्याने विचारलं, "जिंकल्या काय पोरी?"

"न्हाय बाबा, हरलो!" दर्शना ओरडली.

"मंग नाचताव कशाला?"

"पैसे आमचे हायत!"

म्हाताऱ्याने डोक्याची टोपी सरळ केली आणि तोही घुसला. पॅकिंगवरून आलेल्या आयाही घुसल्या. दर्शनाच्या वडिलांनी रिक्षा आडवी लावून ट्रॅफिक अडवला. मुलांच्या मिरवणुकीत बाया कडेला उभ्या होत्या. इथे मधोमध होत्या. माझ्या डोक्यातला कुठलाही शहाणा खर्च हे करू शकला नसता.

या धंद्यात इतकी वर्षं काढून मी एवढंच शिकलो: पोरांचे पैसे सांभाळायचे म्हणजे त्यांच्या हातात देऊन आपण गप्प बसायचं. अवघड भाग दुसरा आहे, गप्प बसण्याचा. अजून सराव चालू आहे.

मी बॅन्जोवाल्याला हात करून थांबवलं. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"लवकर बोला सर," सुगंधा धापा टाकत म्हणाली, "तासाचे पैसे दिलेत."

"मुलींनो, पाकीट तुमचं होतं. मी ते न विचारता घेतलं आणि न विचारता खर्च केलं. तुमचा जिंकल्याचा दिवस माझ्यामुळे गेला, आणि तो मला परत देता येणार नाही. माझं चुकलं. मला माफ करा."