जाऊबाईंनी ढवळलेली पावडर

आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणजे घाईचा अवतार. चहाला उकळी फुटायच्या आत गाळून मोकळ्या. समोरच्याचं वाक्यही त्याच्याआधी याच संपवणार. नोकरी सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनात, रसायनतज्ज्ञ म्हणून.

तिथली मुख्य पाइपलाइन जुनी. जोराचा पाऊस झाला की तिला पाणी झेपेना आणि खालच्या गल्लीत घराघरांत गटार शिरे. पंपाचा जोर वाढवावा तर पाइप फुटायची भीती. जाऊबाईंनी उपाय काढला. पाइपात पाणी सरळ जात नाही, भोवरे करत, धक्काबुक्की करत जातं आणि पंपाचा निम्मा जोर त्यातच वाया जातो. एका पावडरीचे लांबलचक रेणू त्यात अगदी थोडे मिसळले की भोवरे शमतात, मग तेवढ्याच जोरात जास्त पाणी पुढे सरकतं.

पहिली चाचणी सपशेल पडली. पाइपातून किती पाणी जातं ते दाखवणाऱ्या मीटरचा काटा ढिम्म हलला नाही. सगळ्यांनी पावडर पुरवणाऱ्यावर खापर फोडलं. त्याला हाकलायचं आणि योजना गुंडाळायची, असं साहेबांनी ठरवूनही टाकलं.

पावडर पाइपात सोडण्याआधी एका टाकीत पाण्यात ढवळत. त्या संध्याकाळी जाऊबाई त्या टाकीतलं मिश्रण बाटलीत आणि थोडी कोरडी पावडर पुडीत घेऊन घरी आल्या. बरणीत पाणी घेऊन त्यात चिमूटभर पावडर टाकली आणि माझ्याशी गप्पा मारत लाकडी काडीने सावकाश ढवळत बसल्या. त्यांना असं निवांत बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. बऱ्याच वेळाने काडी उचलली, तर पाकासारखी लांब तार सुटली. बाटलीतल्या मिश्रणाला मात्र तार नाही, नुसतं पाणी. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. वेळ वाचावा म्हणून टाकीतला ढवळायचा पंखा त्यांनीच जोरात लावायला सांगितला होता. लांब रेणूंचे त्यात तुकडे झाले होते.

मी म्हटलं, पुढच्या वेळी हळू ढवळा आणि गप्प बसा, कुणाला कळणार आहे? त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि ती बाटली सकाळी न्यायच्या पिशवीत ठेवली.

सकाळच्या बैठकीत पुरवठादार मान खाली घालून बसला होता. जाऊबाई उभ्या राहिल्या.

“पावडर चांगली आहे. चूक माझी. घाई मी केली. अजून एकदा करू द्या.”

साहेब चिडले, पण शेवटची संधी म्हणून तयार झाले.

पुढच्या मोठ्या पावसात सावकाश ढवळलेलं मिश्रण सोडलं, पंपाचा जोर तोच ठेवला आणि काटा चढत गेला. खालच्या गल्लीतली घरं कोरडी राहिली.

आता नवीन माणूस कामावर आला की जाऊबाई त्याला टाकीपाशी नेऊन आधी स्वतःची फजिती सांगतात, मगच पावडरीला हात लावू देतात. एकदा ते ऐकायला मी मुद्दाम गेले. शेजारी उभ्या असलेल्याने विचारलं, या बाई कोण?

“माझी जाऊ,” मी म्हटलं, जरा मोठ्यानेच.