नंदाखालची पांढरी गाडी

परवा आचोळ्यात आमच्या सोसायटीत कुणीतरी जुनी गाडी सुरू केली आणि जळक्या ऑइलचा वास जिन्यापर्यंत आला. मला पंचवीस वर्षांपूर्वीचं नंदाखाल गाव आठवलं.

शाळेतून निवृत्त झालेले फ्रान्सिस सर डोळे अधू झाल्यामुळे आपली गाडी विकत होते. मला आयुष्यातली पहिली गाडी घ्यायची होती, तीही स्वस्तात. केळीच्या वाडीशेजारी त्यांची पांढरी गाडी धुऊनपुसून उभी होती. सीटवर त्यांच्या पत्नीने शिवलेली सुती कव्हरं होती. इंजिन एका दमात सुरू झालं. खोट काढायला जागाच नव्हती.

तरी मागे जाऊन मी म्हणालो, "सर, निळा धूर येतोय. इंजिन ऑइल खातंय."

धूर नव्हता.

सर सायलेन्सरपाशी वाकले. "वास तर येत नाही," ते हळूच म्हणाले. मग सरळ होत म्हणाले, "मला आता दिसत नाही रे. तू म्हणतोस तर असेल. माझ्याच हातून हयगय झाली असेल. किंमत तूच सांग."

मी सांगितली. त्यांनी मान डोलावली.

त्यांच्या पत्नी ओट्यावरून सगळं बघत होत्या. त्यांची नजर चांगली होती. त्या काहीच बोलल्या नाहीत. तेव्हा मला ते बरंच वाटलं. आज कळतं, आपण फसवले गेलो हे नवऱ्याला समजू नये म्हणून त्या गप्प राहिल्या. निघताना त्यांनी केळ्यांची फणी मागच्या सीटवर ठेवली.

सरांना खरं सांगून यावं, असं पुढे कितीदा ठरवलं. गाडी नऊ वर्षं बिनतक्रार चालली. सर त्याआधीच गेले.