मास्तरीणबाईंना म्हणायचं काय?

माझी आत्या बायकांचे कपडे शिवते. मशीनपेक्षा तिची जीभ जास्त चालते. कपडा घट्ट झाला म्हणून कुणी तक्रार घेऊन आलंच, तर तोंडावर सांगते, "कापड नाही गं आटलं, तू फुगलीस!" तरी गिऱ्हाइकं तिच्याचकडे येतात, आता बोला.

तिच्याबरोबर मास्तरीणबाई राहतात, माझ्या जन्माच्याही आधीपासून. पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या, आता निवृत्त होऊन आत्याच्या चुका काढतात. एक स्वयंपाकघर, एक पलंग आणि दिवसभर भांडण. याला संसार म्हणत नाहीत तर काय म्हणतात? पण आमच्याकडे "मैत्रीण आहे हो" म्हणायचं आणि विषय बदलायचा.

मध्यंतरी आत्याच्या छातीत दुखलं. दवाखान्यात नर्सने विचारलं, "घरचं कोण?" माझे बाबा, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, तडक आत गेले. मास्तरीणबाई बाहेर बाकावर, आत्याची कवळी रुमालात धरून. आत बाबांना विचारलं, पेशंटची औषधं कोणती? तर म्हणाले, "गोळ्या... पांढऱ्या." असं डोकं फिरलं माझं!

आत्या बरी होऊन घरी आली ती हेच घेऊन बसली. "मी गेल्यावरही हिला असंच बाहेर बसवतील. आधीच सोय लावून ठेवू."

"अभद्र बोलू नकोस," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"माप आधी घेतलेलं बरं असतं. नंतर ओढाताण होते."

म्हणून आम्ही अंत्यविधीची आधीच आखणी करून देणाऱ्या एका सल्लागार बाईंकडे गेलो. बाबाही आले, कारण त्यांना न विचारता कुणी मरायचं म्हणजे काय!

बाईंनी शेवटच्या कपड्यांचे नमुने समोर ठेवले. आत्याने चष्मा लावला. "ही शिवण बघा. दोन धुण्यांत उसवेल."

"आत्या, ते धुवायचं नाहीये," मी म्हटलं.

"म्हणून काय उसवलेलं घालून जाऊ? लोक काय म्हणतील, शिंपीण होती म्हणे!"

बाई मनापासून हसल्या. मग त्यांनी विचारलं, "तुमच्यामागे निर्णय कोणी घ्यायचे?"

बाबांनी घसा खाकरला. "मी. रक्ताचं नातं आहे."

"ही घेईल," आत्याने मास्तरीणबाईंकडे बोट केलं.

"आणि या तुमच्या कोण?"

आत्या चष्मा काढून पदराने पुसायला लागली.

"सावकाश सांगा," बाई म्हणाल्या. "इथे तऱ्हेतऱ्हेची घरं येतात. तुम्ही म्हणाल ते नातं. फक्त आत्ताच पक्कं करू, म्हणजे ऐनवेळी कुणी यांना बाजूला सारणार नाही."

"या ना..." आत्या कानापर्यंत लाल झाली. "आमच्या ह्या."

मास्तरीणबाईंना यात एकही चूक सापडली नाही.

बाबांचा चेहरा मात्र पडला. "म्हणजे मी परका?"

"अहो, परकं कसं वाटतं ते मी त्या बाकावर बसून बघितलंय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला नाही तिथे बसवायची. तुम्ही माझ्या शेजारी उभे राहाल."

वाईट वाटलं मला त्यांचं, खोटं कशाला बोलू? शेवटी बाबा म्हणाले, "पण मी तुम्हाला म्हणू काय? वहिनी म्हणावं, तर ही काही माझा भाऊ नाही. बहिणीचे... म्हणजे दाजी?"

"दाजी चालेल," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मग दाजी," बाबा म्हणाले, "हिला काही झालं तर मला लगेच कळवाल ना?"

"कळवेन हो. पण आधी जरा मला एकटीला रडू द्या."

"मेल्यांनो, मी अजून जिवंत आहे!" आत्या ओरडली, आणि सगळ्यांदेखत तिने मास्तरीणबाईंचा हात धरला.