आज कुणीच मीठ नेलं न्हाई

दुकान चालवणाऱ्या बायांनो, आज दिवसभरात बोरीतल्या माझ्या दुकानातून मीठ गेलं न्हाई, तेल गेलं न्हाई. जो येईल तो नुसते फुटाणे आन गूळ मागायलाय.

घासाघीस करून रोज माझं डोकं खाणारी शेवंता आज सांगितला तो दर देऊन फुटाणे बांधून घेत होती.

"काय गं, वाटेची शिदोरी? देवाला निघालीस?"

"न्हाई आजी, लेकरांना खायला."

तिची लेकरं परवाच मामाकडं गेलीत. मी बघितलं तशी तिनं मान खाली घातली.

मागची बाई बी तेच बोलली, त्याच शब्दांत. तिला तर लेकरूच न्हाई. तवा माझ्या ध्यानात आलं. शेजारच्या गावात जाळपोळ झाली तवापासून सगळे दबकून होते. आता अख्खं गाव मोगलाईचा मुलूख सोडून चाललंय, आन मला कुणी सांगितलं न्हाई.

घरी सुनेला म्हणलं, "आपण बी निघू."

"गाठोडं बांधलंय, आत्याबाई. तुमच्या तोंडाला कुलूप नसतं, म्हणून बोलले न्हाई."

गिऱ्हाईकाच्या बोलण्यावर नगा जाऊ, पिशवीत काय पडतंय ते बघा. तुमच्या गावात आज काय खपलं?