पावणं, हलायचं न्हाय!

देवीच्या देवळामागच्या गल्लीत आकाराम चौगुले ऊर्फ तात्या राहतात. घरात बायको धोंडुबाई आणि मागं परड्यातल्या गोठ्यात बिजली नावाची म्हैस. रोज संध्याकाळी बिजलीला दूध विकायच्या कट्ट्यावर न्यायचं आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायची, हा त्यांचा धंदा. ही गिऱ्हाइकं भारी खट! म्हैस समोर नसली तर दुधाला हात लावत नाहीत.

पण सुट्टीच्या दिवशी देवीला जग लोटतं आणि जगाला गाडी लावायला आकारामचंच दार सापडतं. परड्यातून बाहेर पडायला तीच एक वाट, म्हणून दोन रविवार बिजली घरातच अडकली. गिऱ्हाइकांनी बजावलं, "तात्या, ह्या रविवारी न्हाय आलासा तर आमी दुसरी म्हस बगणार."

आणि त्याच रविवारी दुपारी एक पांढरीशुभ्र, लांबलचक गाडी दाराला चिकटून उभी राहिली. तात्या काठी घेऊनच बाहेर आले.

"ओ पावणं! गाडी काढा!"

गॉगलवाला म्हणाला, "काका, रस्ता सगळ्यांचा असतो. देशात कुठंही फिरायचा हक्क आहे आम्हाला."

"मग फिरा की! कोण नगं म्हणतंय? हितं थांबलायसा कशाला?"

गल्ली खदखदून हसली. गॉगलवाला जरा वरमला. "बरं, काढतो. पण काका, चांगला तांबडा-पांढरा रस्सा कुठं मिळतो हो?"

झालं! काठी भिंतीला टेकली. पाहुण्यानं जेवणाचं विचारलं की तात्यांचा राग उतू जाणाऱ्या दुधासारखा एका फुंकरीत खाली बसतो.

"चांगला? हॉटेलाच्या पाट्या बगून फसू नगासा. चला, दावतो." पाहुण्याच्या सगळ्या कुटुंबाला घेऊन तात्या पार चौकापर्यंत गेले, खाणावळ दाखवली. वर दम भरला, "रांग असंल. पण हलायचं न्हाय, माझी आण हाय!"

मोठ्या समाधानानं घरी आले. बघतात तर गाडी दारातच.

"गाडी काढायला गेलतासा न्हवं?" धोंडुबाईनं विचारलं.

धारेची वेळ झाली. बिजली दाव्याला हिसके देऊन हंबरायला लागली. तात्या खाणावळीकडे धावले, पण पाहुणे रांग सरून आत्ताच पंगतीला बसले होते, आणि जेवत्या पाहुण्याला उठवायचं म्हणजे काय! तसेच परत आले. शेवटी धार परड्यातच काढली. कट्ट्यावर गिऱ्हाइकांनी वाट पाहिली आणि शेजारच्या म्हशीपुढं पातेली धरली.

दिवे लागल्यावर पाहुणे तृप्त होऊन आले. "काका, मानलं! मुलं कंटाळली होती, पण मी म्हटलं, काकांनी आण घातलीय, हलायचं नाही!"

तात्यांना आता राग येईना आणि रडूही येईना.

"आता मुक्कामच करावा म्हणतो. जवळपास एखादी खोली मिळेल?"

"हाय की! पलीकडच्या बोळात..." तात्यांची जीभ सवयीनं सुटलीच.

"लांब कशाला धाडताय?" दारातून धोंडुबाई म्हणाली. "आपला गोठाच दावा की. आता म्हस इकली की रिकामाच हुतोय."