शुक्रीची अर्धी घोषणा

शुक्री धोडीबद्दल मला फार थोडं माहीत आहे. तिचा नवरा कधी गेला, मुलं किती, हे मी कधी विचारलं नाही. तलासरी नाक्यावर माझं भोंगे भाड्याने देण्याचं दुकान होतं. मोर्चा निघाला की माइक तिच्या हातात द्यायचा, एवढाच आमचा संबंध. लिहायची मला सवय नाही. पण तिच्यावर दुसरं कोणी लिहील असंही वाटत नाही.

तिचा आवाज असा, की माझा भोंगा नसता तरी चाललं असतं. झेंडा कुठलाही असो, घोषणा द्यायला शुक्रीच लागायची. "जमीन कोणाची?" ती विचारायची आणि मागून सगळा जमाव म्हणायचा, "कसेल त्याची." सभा संपली की पुढारी गाडीत बसायचे आणि शुक्री प्यायला पाणी शोधत फिरायची.

तिची स्वतःची जमीन म्हणजे वेवजी गावाच्या पुढे जंगलाला लागून उतारावरचा एक तुकडा. सासऱ्याच्या वेळेपासून तिथे नाचणी होत होती, पण पट्टा नावावर नव्हता. तिने वनहक्काचा दावा केला होता. २०१८च्या उन्हाळ्यात डहाणूला प्रांत कचेरीत सुनावणी लागली. कागद काही नव्हता, म्हणून ही जमीन कोण कसतं ते पाड्यातल्या जुन्या माणसाने येऊन सांगायचं होतं. तो माणूस म्हणजे तिचा शेजारी, म्हातारा हिरू.

"शेट, तू पन चल," ती मला म्हणाली. "त्या खोलीत मना भ्या वाटतं."

"तुला? एवढ्या लोकांपुढे ओरडतेस की."

"लोक मागं असतात तवा."

ती आणि मी पहिल्या गाडीने गेलो. हिरू मागून येणार होता. पण सकाळी पाड्यात चारोटीच्या सभेचा टेम्पो आला. सभा वनपट्ट्यांचीच. पट्ट्यांची सभा म्हणजे सरकार तिथेच येणार आणि साक्षही तिथेच द्यायची, असं समजून हिरू टेम्पोत चढला. आम्ही कचेरीच्या पायरीवर त्याची वाट बघत बसलो.

शेवटी शुक्रीचं नाव पुकारलं. मी दारात उभा राहिलो. साहेब वाईट नव्हते, त्यांनी तिला खुर्ची दिली.

"सांगा बाई, काय म्हणणं आहे?"

शुक्री उठली. तिची मूठ आपोआप वर गेली. "जमीन कोणाची?" ती म्हणाली आणि थांबली. पुढचं तिने कधी म्हटलंच नव्हतं. ते म्हणायला लोक असायचे.

"तेच तर ठरवायचंय," साहेब म्हणाले. "साक्षीदार आणलाय का?"

कारकून खाली मान घालून हसला.

संध्याकाळी पाड्यात हिरू भेटला. त्याचा घसा बसला होता. "दिली ना साक्ष," तो खुशीत म्हणाला. "सगळ्यांत मोठ्यानं मीच बोललो. इचार कोनाला पन." शुक्रीने त्याच्याकडे पाहिलं आणि ती घरात गेली.

पुराव्याअभावी दावा फेटाळला गेला. अपील करू, असं पुढारी म्हणाले, तेही माझ्याच भोंग्यावरून. पुढच्या पावसाळ्यात त्या उतारावर वनखात्याची सागाची रोपं लागली आणि भोवती तारेचं कुंपण आलं. ती घोषणा खोटी असती तर मला एवढा राग आला नसता. ती खरी होती. खरी असूनही आम्ही सगळ्यांनी ती फक्त ओरडण्यासाठी वापरली, आणि त्यावर माझं घर चाललं.

२०१९ची थंडी पडली आणि शुक्री तापाने गेली. मला ते उशिरा कळलं. त्याआधी ऑक्टोबरमध्ये, निवडणुकीच्या धामधुमीत, ती नाक्यावर गाडीची वाट बघत उभी दिसली होती. हातात विळा होता.

"उद्या सभा आहे, तुला बोलावलंय," मी म्हणालो.

"नाय जमायचा. झाईला भातकापनी हाय, वाडीवाल्याकडं."

"किती दिवस?"

"तो ठेवील तवर."

"चहा घे."

"नको शेट, गाडी जाईल."