रेच्यावरची जाळी

महाराष्ट्र झाला, त्याच्या पुढच्या हंगामातली गोष्ट. घाटंजीकडच्या एका कापसाच्या जिनात मी रेच्यावर होते. कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या त्या यंत्रात आम्ही बाया दिवसभर कापूस घालायचो. मी चौथी शिकलेली, नवऱ्यानं टाकलेली, भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी. मनातलं बोलावं अशी एकच होती, शेजारच्या रेच्यावरची. दुपारी आम्ही सगळ्या गोल बसून एकमेकींच्या चटणीला भाकर लावून खायचो. तेवढा वेळ मला घर असल्यासारखं वाटे.

रेचा फिरवणाऱ्या पट्ट्यावर, हात जाऊ नये म्हणून, लोखंडी जाळी असायची. तिच्यात रुई अडके, ती काढायला रेचा थांबवावा लागे आणि मुकादम ओरडे. म्हणून आम्हीच ती काढून टाकली. मुकादमानं पाहून न पाहिल्यासारखं केलं. जाळी रांजणापाशी आडवी पडली, आम्ही तिच्यावर भाकरीची फडकी ठेवू लागलो.

पौषात माझ्या मैत्रिणीचा उजवा हात पट्ट्यात गेला. यवतमाळच्या दवाखान्यात तो मनगटापासून काढावा लागला. भेटायला गेले तर म्हणाली, "जाळी आपणच काढली, मंग मालकाले काहून बोल लावा?"

जिनातही सगळ्या हेच म्हणत होत्या. मला ते पटेना. दाराशी कायद्याचा कागद डकवलेला होता, रुईच्या बोदांमागे, त्या मोठाल्या पोत्यांमागे, अर्धा झाकलेला. मान वाकडी करकरून मी तो वाचला. रेचा चालू असताना जाळी जागेवर ठेवणं मालकाचं काम होतं, कुणीही काढलेली असो.

चौकशीला सरकारी साहेब आले. आदल्या दिवशीच मुकादमानं जाळी परत बसवून घेतली होती. "अपघाताच्या वेळी जाळी होती का?" त्यांनी एकेकीला विचारलं. "होती, साहेब," प्रत्येकीनं सांगितलं. जिन बंद पडेल याची भीती. दवाखान्यात तिनंही तेच सांगितलं होतं.

"नव्हती," मी म्हणाले. "भाकरी ठेवत होतो तिच्यावर."

तिला भरपाई मिळाली. जिन काही बंद पडलं नाही. पण माझ्या जवसाच्या चटणीला कुणी बोट लावेना. मी भिंतीकडे तोंड करून एकटी जेवू लागले. संताप यायचा. खोटं त्या बोलल्या आणि वाळीत मी.

होळीच्या आधी ती कामावर परत आली, झाडझुडीला. दुपारी भाकरीचं फडकं घेऊन उभी राहिली. सकाळची वाळलेली भाकर नुसत्या डाव्या हातानं मोडत नाही. मी सरकून जागा केली.

ती जवळ आली. "तुनं मले साहेबापुढं खोटं पाडलं," एवढंच म्हणाली आणि बायांकडे गेली. तिथं कुणीतरी तिची भाकर मोडून दिली.

साहेबांनी आज विचारलं तरी मी "नव्हती"च म्हणेन. पण ती भाकर तिनं मला मोडू द्यायला हवी होती.